जुन्या टीव्हीवर ॲप चालंना म्हणून नवा कामून घ्यायचा? स्टिकवर भागतं का, चर्चा करू

गोदाकाठ (परभणी)

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तेव्हापासून "ॲप चालंना का, मग टाका बदलून" हा सल्ला गल्लोगल्ली मिळायलाय. मला तो चुकीचा वाटतो.

टीव्हीच्या खोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: पडदा आणि त्याच्या मागं बसवलेला छोटा कम्प्युटर. पडदा नीट वापरला तर दहा वर्षं टिकतो. कम्प्युटर चार-पाच वर्षांत थकतो, कारण ॲप दरवर्षी जड होतात आणि कंपनी अपडेट द्यायचं थांबवते. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही टीव्हींवर चालायचं बंद झालं. त्या टीव्हींच्या पडद्यांना काही झालं नव्हतं. अशा टीव्हीला मागच्या एचडीएमआय खाचेत स्टिक (ॲप चालवणारं पेनड्राइव्हएवढं यंत्र) लावली की पाच हजारांच्या आसपास काम होतं.

फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन अंतर मोजावं. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चांगल्या नजरेला तो साडेपाच फुटांपर्यंतच सुटा दिसतो. ३२ इंची एचडी रेडीचा हिशोबही जवळपास तेवढाच, पावणेसहा फूट. आपल्याकडं बैठकीत टीव्ही आणि बसायची जागा यांत आठ-दहा फूट असतात. तिथून फोर-केचे जादा ठिपके दिसतच नाहीत.

स्टिक घ्यायच्याही आधी हे करा. टीव्हीची तारीख आणि वेळ तपासा. ती मागं राहिली असेल तर सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि नेट चालू असूनही ॲप "कनेक्शन नाही" म्हणतं. लाईट जाऊन आल्यावर हे फार होतं. मग सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन एकेका ॲपची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा. "क्लिअर डेटा" दाबू नका, त्यानं लॉगिन जातं. नको असलेली ॲप काढा. ८ जीबी मेमरीच्या टीव्हीत प्रत्यक्ष मोकळी जागा निम्मीही नसते आणि जागा भरली की रिमोटचं बटण दाबल्यावर पडदा दोन-दोन सेकंद हलत नाही. शेवटी सॉफ्टवेअर अपडेट. एवढ्यानं बरेच टीव्ही पुन्हा कामाला लागतात.

मांजरापट्टी (लातूर)

गोदाकाठ भाऊ, अंतराचा हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही ठिपकेच मोजले. चित्र काळोखात किती खोल दिसतं आणि किती उजळतं याचा तुम्ही विचारच केला नाही. २८ एप्रिल २०१९ ला 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेचा रात्रीच्या लढाईचा भाग आला, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी ओरड केली की काही दिसतच नाही. त्याच्या छायाचित्रकारानं उत्तर दिलं की लोकांचे टीव्ही नीट लावलेले नाहीत. जुन्या पडद्यावर तसला प्रसंग म्हणजे नुसता राखाडी चिखल.

दुसरं, स्टिकही अमर नाही. मार्च २०२५ मध्ये गुगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट (स्टिकसारखंच यंत्र) जगभर एकदम बंद पडली, कारण आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. "फॅक्टरी रीसेट करू नका" असं गुगलला लोकांना सांगावं लागलं. स्वस्त एचडी स्टिकमध्ये रॅम १ जीबीच असते. दोन वर्षांत तीही रखडणार. म्हणजे पाच हजार आज, पाच हजार परवा, आणि पडदा जुना तो जुनाच.

आणि कराचं सरळ गणित बघा. २०,००० मूळ किमतीचा टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा, आता २३,६००. दोन हजार वाचले, त्यात तीन वर्षांची वाढीव वॉरंटी बसते. माझं मत स्पष्ट आहे: टीव्ही सात वर्षांच्या वरचा असेल तर त्यात एक रुपया घालू नका.

गोदाकाठ (परभणी)

ते क्रोमकास्ट २०१५ चं मॉडेल होतं. म्हणजे दहा वर्षं चाललं आणि पुढं काही दिवसांत दुरुस्तही झालं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतं.

राखाडी चिखलाबद्दल. वीस-पंचवीस हजारांच्या नव्या फोर-के टीव्हीवर "एचडीआर" (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारं चित्र) छापलेलं असतं, पण त्या पडद्याचा उजेड बहुतेक वेळा जुन्याएवढाच असतो, अडीचशे-तीनशे निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं माप). छापल्यानं उजेड वाढत नाही. काळोखातले चौकोनी डाग नेटवरून येताना चित्र दाबल्यामुळं येतात. नवा टीव्ही घेतला तरी ते राहतात. त्यासाठी ॲपमध्ये क्वालिटी "हाय" करा. नेटफ्लिक्स एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातं आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बघणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

जुना पडदा खरंच गेलाय का, ते घरी कळतं. आवाज येतो पण चित्र नाही, अशा वेळी खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला तिरपा धरा. फिकट चित्र हलताना दिसलं तर पडदा चांगला आहे, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. त्या बदलता येतात. एकच पट्टी बदलू नका, सगळा संच बदलायला सांगा, नाहीतर जुन्या पट्ट्या सहा महिन्यांत एकेक करून जातात. टीव्ही चालू व्हायला वेळ लावत असेल, टकटक आवाज करत असेल, तर पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत. तेही दुरुस्त होतं. फक्त ते स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्या बोर्डात ३०० व्होल्टच्या वर साठा राहतो. उभ्या रेघा किंवा तडा असेल तर मात्र मांजरापट्टी म्हणतात तेच खरं, नवा घ्या.

पट्ट्या जातात कामून, तर दुकानातलं "व्हिविड" मोड घरी तसंच चालू राहतं आणि बॅकलाईट शंभरावर जळते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत, पत्र्याखाली, तेही रात्रंदिवस. बॅकलाईट ५०-६० वर आणा, मोड "सिनेमा" किंवा "मूव्ही" करा. दोन दिवस चित्र पिवळट वाटतं, मग डोळा सरावतो.

बालाघाट (बीड)

तुम्ही दोघंही पडद्यावर भांडायलात. इकडं टीव्ही जातो तो लाईटीनं. नवा असो की जुना, आधी ते बघा.

लोक हजार-दीड हजाराचा स्टॅबिलायझर लावून निर्धास्त होतात. पण हल्लीच्या टीव्हीची पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालते. कमी दाबानं तिला काही होत नाही. मारतो तो जादा दाब. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल (परतीची तार) तुटला की २३० च्या जागी घरात ३०० च्या वर, थेट ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. कारण तीन फेजमधल्या दोन फेजांत ४०० व्होल्ट असतात आणि न्यूट्रल नसला की ते दोन घरांच्या लोडवर वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, तिथं दाब जास्त. एका रात्री अख्ख्या गल्लीचे टीव्ही, फ्रीज, चार्जर जातात ते यानंच. ओळखायची खूण अशी: काही बल्ब एकदम लख्ख होतात आणि शेजारच्या घरातले मंद. हे दिसलं की विचार न करता मेन स्विच पाडा.

उपाय म्हणजे मीटरनंतरच्या बोर्डात, एमसीबीच्या पुढं बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वरची मर्यादा २६५, खालची १७० ठेवा, पुन्हा चालू व्हायचा वेळ तीन मिनिटं. त्यानं फ्रीजचा कॉम्प्रेसरही वाचतो. वायरमनकडूनच बसवून घ्या. नुसता स्पाईक गार्डचा एक्स्टेन्शन बोर्ड इथं टिकत नाही, त्यातला भाग क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. दोन मिनिटं ३५० व्होल्ट आले तर तो स्वतः जळतो.

आणि कडाडणारी वीज. मे-जूनमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की फक्त स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची केबल काढा, लॅन केबल काढा. एचडीएमआयमधून स्टिकही जाते आणि टीव्हीही. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, पण त्या केबलीला आधाराची स्टीलची तार असते. ती बाहेरच तोडून घ्यायला सांगा, घरात ओढू देऊ नका.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाट दादा, शंभर टक्के. आता मूळ वादावर.

स्टिकवर मॅच नीट दिसत नाही, चेंडू झटके खात जातो, ही तक्रार सगळीकडं आहे आणि लोक दोष नेटला देतात. बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो. आपल्याकडं क्रिकेटचं प्रसारण सेकंदाला ५० फ्रेमनं होतं आणि स्टिक ६० वर सोडलेली असते. ५० चे ६० करताना दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, म्हणून कॅमेरा सीमारेषेकडं फिरला की चित्र अडखळतं. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साउंड्स, डिस्प्ले, व्हिडिओ रिझोल्यूशन, तिथं १०८०पी ५० हर्ट्झ निवडा. मॅच संपली की परत "ऑटो". तिथंच "मॅच ओरिजिनल फ्रेम रेट" चालू केलं तर काही ॲपमध्ये हे आपोआप होतं.

स्कोअरची पट्टी खालून कापली जाते, तो ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो. टीव्हीत पिक्चर साईज बदला: एलजीत "जस्ट स्कॅन", सॅमसंगमध्ये "स्क्रीन फिट", सोनीत "फुल पिक्सेल".

तरीही माझं मत गोदाकाठ यांच्या विरोधात आहे. मॅच बघणाऱ्या घरानं फक्त स्टिकवर राहू नये. ॲपवरचं चित्र छोट्या तुकड्यांत येतं आणि दोन-तीन तुकडे साठल्यावर सुरू होतं, म्हणून डिशपेक्षा अर्धा मिनिट मागं राहतं. शेजारचे विकेटला ओरडतात तेव्हा आपल्याकडं गोलंदाज अजून रनअपला असतो. याला कुठलंच सेटिंग नाही. सेट-टॉप बॉक्स ठेवा.

आणि नवा टीव्ही घेतलाच तर पहिल्या दिवशी मोशन स्मूदिंग बघा. एलजी त्याला ट्रूमोशन म्हणतं, सोनी मोशनफ्लो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि मोठा सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॉलिवूडचा नट टॉम क्रूझनं खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी "फिल्ममेकर मोड" जाहीर झाला, त्यात हे एका बटणानं बंद होतं. मॅचला थोडं चालू ठेवलं तर चालतं, सिनेमाला पूर्ण बंद.

किनवट (नांदेड)

एकच सांगते. स्टिक घ्या म्हटलं की लोक दीड हजाराचा बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स उचलतात. तो घेऊ नका. त्यांत वाइडवाइन एल-१ (ॲपनी एचडी चित्र द्यावं म्हणून लागणारी कॉपी रोखायची सोय) नसतं, त्यामुळं पैसे भरूनही नेटफ्लिक्ससारखी ॲप एकतर चालत नाहीत किंवा ४८०पी वरच अडकतात. त्याहून वाईट, काहींत कारखान्यातूनच व्हायरस भरून येतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स २.० नावाच्या अशा जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासायचं असेल तर प्ले स्टोअर, सेटिंग्ज, अबाउट: तिथं "डिव्हाइस इज सर्टिफाइड" असलंच पाहिजे. फुकट चॅनल दाखवणारं ॲप आधीच टाकून दिलेलं असेल तर तो बॉक्स घरच्या वाय-फायला जोडू नका, त्याच वाय-फायवर आपल्या बँकेचा मोबाईल असतो.

मांजरापट्टी (लातूर)

किनवट ताई, बॉक्सचं पटलं. पट्ट्यांचं पटलं. पण घरात आजी-आजोबा असतात, त्यांना तीन रिमोट झेपत नाहीत. एक टीव्ही, एक रिमोट, हे सुख स्टिक देत नाही. याचं उत्तर द्या.

गोदाकाठ (परभणी)

उत्तर आहे, एचडीएमआय-सीईसी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधा, सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. चालू केलं की स्टिकच्या रिमोटवर टीव्ही चालू होतो आणि इनपुटही आपोआप बदलतं. आवाजाचं बटणही त्याच रिमोटवर. फारच जुन्या टीव्हीत सीईसी नसेल, तिथं तुमचा मुद्दा मी मानतो.

स्टिक लावताना दोन चुका टाळा. तिला टीव्हीच्या यूएसबीतून करंट देऊ नका. जुन्या यूएसबीतून अर्धाच अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो, मग ती सिनेमाच्या मध्येच रीस्टार्ट होते. सोबतचा अडॅप्टर वापरा. आणि ती थेट टीव्हीच्या पाठीत खुपसू नका, खोक्यातली छोटी एचडीएमआय वायर लावून बाहेर काढा. आत उष्णता कोंडते आणि टीव्हीच्या मागच्या पत्र्यानं वाय-फायही अडतं.

संवाद बारीक आणि गाणी कानठळ्या बसवणारी, असं होत असेल तर स्टिकमध्ये ऑडिओ, सराउंड साउंड, पीसीएम (साधा दोन स्पीकरचा आवाज) करा. ५.१ चा (सहा चॅनलचा) आवाज दोन स्पीकरच्या टीव्हीत आला की मधल्या चॅनलवरचे संवाद दबतात.

बालाघाट (बीड)

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो पण नेट जातं, असं बऱ्याच घरांत होतं, कारण राउटर दुसऱ्या खोलीत साध्या सॉकेटवर असतो. मिनी यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा. १२ व्होल्ट असेल तर १२ चाच घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनचं मधलं टोक प्लस आहे का, ते अडॅप्टरवरच्या गोल चिन्हावरून जुळवा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही पाहिजे, दोन आउटपुटवाला बघा.

आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि ती पाईपापासून सुटते.