बीएस्सी नर्सिंग: क्लिनिकलची (हॉस्पिटलमधल्या ड्युटीची) हजेरी कमी पडली, डिग्री अडकेल का?

डोंबिवलीकर_ताई: बहीण सहाव्या सेमला आहे, परळला पोस्टिंग. डेंग्यू झाला, 12 दिवस ड्युटी बुडाली, आता रडकुंडीला आलीये. थिअरीची हजेरी 80 टक्क्यांच्या वर आहे. वर्ष वाया जाईल का?

वॉर्डसिस्टर: नाही गं, घाबरू नका. थिअरीला 80 टक्के लागतात ते परीक्षेला बसायला, पण क्लिनिकल मात्र 100 टक्के, डिग्री मिळायच्या आधी भरूनच द्यावं लागतं. मी स्वतः कावीळ झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत पहाटे 5:40 ची लोकल पकडून लेबर रूमच्या ड्युट्या भरल्यात, पाय सुजायचे पण काम तिथेच पक्कं झालं. मेडिकल सर्टिफिकेट लगेच द्या आणि लॉगबुकवर (ड्युटीच्या नोंदवहीवर) त्याच दिवशी सही घ्या, नंतर सिस्टरची बदली झाली की फार पळापळ होते.

नाईटड्युटी: +1. पास व्हायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे 50 टक्के मार्क लागतात हेही सांगा तिला. आठव्या सेमला इंटर्नशिप असते, त्याआधी बाकी ड्युटी संपवलेली बरी. आणि डिग्रीनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतंच.

डोंबिवलीकर_ताई: खूप आभार, आत्ताच तिला वाचून दाखवलं, आज जेवली नीट.