ग्रीक पुराणांची चित्रं दिवाणखान्यात लावायला हरकत कसली?

तळटीप
काल 'माजघर' यांनी लिहिलं की ग्रीक पुराणांतली चित्रं फ्रेम करून लावणं म्हणजे अपहरणं आणि बलात्कार भिंतीवर मिरवणं, आणि लावणाऱ्यांना मुळात गोष्टच ठाऊक नसते. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्याकडे तिशियन या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या 'युरोपा'ची प्रिंट आहे. गोष्ट ठाऊक आहे म्हणूनच आहे. बैलाचं रूप घेतलेला झ्यूस, म्हणजे ग्रीक देवांचा राजा, युरोपा या राजकन्येला पाठीवर घेऊन समुद्रात शिरलाय. ती डौलात वगैरे बसलेली नाही. उताणी पडलीये, एका हाताने शिंग धरलंय, दुसऱ्या हातात लाल वस्त्र, आणि वर केलेल्या त्या हाताची सावली तिच्याच चेहऱ्यावर. लांब किनाऱ्यावर मैत्रिणी, अगदी चिमुकल्या. यात ज्याला नुसती शोभा दिसते त्याने चित्र पाहिलेलंच नाही.

आमच्या आजोळी ओटीवर रविवर्म्याचा 'जटायूवध' होता. तेही हरणच. त्याच्याखाली पंगती उठल्या, कोणी म्हणालं नाही की सीताहरण मिरवताय.

माजघर
जटायूवधात जटायू आहे हो! पंख तुटेपर्यंत लढणारा. आणि रावण शेवटी मरतो हे पोराटोरांनाही माहीत असतं. झ्यूसला कोण मारतं? तो देवांचा राजा. युरोपाला क्रीटला नेतो, मुलगे होतात, विषय संपला.

आणि तिशियनची एवढी कड घेऊ नका. 'युरोपा' ज्या चित्रमालिकेतली, ती त्याने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी काढली. दनाई ही नग्न राजकन्या समोरून दाखवली, आता 'व्हीनस आणि अडोनिस'मध्ये दुसरी बाजू दाखवतो, म्हणजे दालनात वैविध्य येईल, असं त्याने स्वतः फिलिपला कळवलं होतं. यात बाईच्या दुःखाची कणव कुठे दिसली तुम्हाला?

एका नातेवाइकांकडे जेवणाच्या टेबलाशेजारी 'लीडा आणि हंस' लावलंय. तो हंस म्हणजे लीडाला भोगायला आलेला झ्यूसच. माझ्या मुलीने विचारलं, हंस काय करतोय? यजमान म्हणाले, खेळतोय. मला तिथे घास गिळवेना. माझा राग त्या 'खेळतोय'वर आहे.

उंबरठा
मँचेस्टरच्या कलादालनाने २०१८ साली वॉटरहाउसचं 'हायलस आणि अप्सरा' हेच चित्र भिंतीवरून उतरवलं. का, तर चर्चा व्हावी म्हणून! दुकानातली त्याची पोस्टकार्डंसुद्धा काढली. लोक एवढे भडकले की आठवड्याभरात परत लावावं लागलं. त्या चित्रात तर तळ्यातल्या अप्सरा पुरुषाला ओढून नेतात. उतरवायचीच म्हटली तर निम्मी युरोपियन कला माळ्यावर जाईल.

सुतारपक्षी
माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. तुमचं भांडण चालू द्या, पण आधी चित्र अख्खं तर लावा! ब्रुगेलचा 'इकॅरस' घ्या, मेणाचे पंख लावून सूर्याजवळ उडाला आणि समुद्रात पडला तो पोरगा. मूळ ७३.५ × ११२ सेंटिमीटर, म्हणजे चांगलं आडवं. समोर नांगर धरलेला शेतकरी, मागे मेंढपाळ, आणि उजव्या कोपऱ्यात जहाजाखाली बुडणाऱ्या पोराचे फक्त दोन पाय. कोणाचं लक्ष नाही, हाच तर चित्राचा जीव. एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेली चौरस प्रिंट आणली, सोफ्यावरच्या जागेत बसावी म्हणून. उजवी बाजू छाटलेली. इकॅरसच्या चित्रात इकॅरस नाही! मी दाखवलं तर म्हणतात, राहू दे, रंग छान आहेत.

उंबरठा
छाटणारे तुमच्यातलेच की. माझ्या बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या कडा एका फ्रेमवाल्याने लाकडी पट्ट्यांवर गुंडाळून टाकल्या. डावीकडच्या वायुदेवाचे पंख आता बाजूच्या पट्टीवर गेलेत.

सुतारपक्षी
कॅनव्हास प्रिंटला चारी बाजूंनी दोन इंच मोकळी कड ठेवून छापायला सांगायचं असतं. ते सांगायचं नाही, वर पैसे कमी करायला सांगायचं. आणि कोकणातले लोक तर काच थेट प्रिंटला चिकटवून मागतात. मध्ये माउंट, म्हणजे काच आणि चित्र वेगळं ठेवणारी जाड कागदाची चौकट, नको, तेवढेच पैसे वाचतात. मग पहिल्या पावसाळ्यात कागद काचेला धरतो, बुरशी येते, आणि शिव्या आम्हाला.

उंबरठा
सरसकट कोकणातल्या लोकांना बोलायचं काम नाही. मी माउंटचे पूर्ण पैसे मोजले होते, तरी मागे साधा पुठ्ठा मारून दिला आणि कडेने पिवळे डाग आले. बिल अजून आहे माझ्याकडे.

सुतारपक्षी
मग ते त्याला दाखवा, माझ्यावर का ओरडताय? ॲसिड-फ्री माउंट हवा असं सांगितलं होतं का?

तळटीप
अहो, धागा कशावर आहे?

माजघर
राहू द्या, त्यांचं अगदीच गैरलागू नाही. तुमच्या युरोपातल्या किनाऱ्यावरच्या मैत्रिणी छाटल्या तर काय उरतं? बैलावर पडलेली एक उघडी बाई. बाजारात मिळणाऱ्या प्रिंट्सचं नेमकं हेच झालेलं असतं. अख्खं चित्र लावणार असाल आणि मुलांनी विचारल्यावर खरं सांगणार असाल, तर लावा बापडे. माझ्या घरात ते येणार नाही.

तळटीप
तुमच्या घरात लावा असं मी म्हटलंच नव्हतं. आमच्याकडे माझ्या पुतणीने विचारलं होतं. 'तिला पळवून नेतोय आणि ती घाबरलीये' एवढंच सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न होता, मैत्रिणी पोहत का जात नाहीत?