एसिटालोप्राम चालू झाल्यापासून ऑर्गॅझम येत नाही, डॉक्टरांना सांगू कसं?

वेगळा आयडी घेऊन लिहितेय, समजून घ्या.

वय 36. नैराश्यासाठी आठ महिने एसिटालोप्राम घेतेय. आधी 10 मिग्रॅ होती, चार महिन्यांपासून 20. या गोळीने मला अंथरुणातून उठवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोस वाढल्यापासून इच्छा होतच नाही, आणि झालीच तरी अगदी काठाशी जाऊन सगळं विझतं. स्पर्श कळतो, पण दुलईवरून कोणी हात फिरवावा तसा. नवऱ्याला वाटतं, तोच नकोसा झालाय.

आजारपणातही इच्छा मेली होती, म्हणून आधी वाटलं त्याचंच उरलंसुरलं असेल. पण आता मन ताळ्यावर आलंय आणि हे मात्र बंद! गोळीच असणार ना?

डॉक्टर झोप विचारतात, भूक विचारतात, वजन करतात. हे कधीच नाही. मागच्या वेळी मोबाईलमध्ये लिहून नेलं होतं. "बाकी काही?" म्हणाले, मी "नाही" म्हणून उठले. घरी येऊन स्वतःच्याच रागाने तीन दिवस गोळी घेतली नाही, तर मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. निमूट परत चालू केली.

यातून कोणी गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, आधी ते परस्पर गोळी थांबवणं बंद. सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढवणाऱ्या या गोळ्यांनी बऱ्याच जणींना असं होतं. मला पॅरोक्सेटिनवर झालं, तीही याच जातीची गोळी. डॉक्टरांनी डोस उतरवून पाहिला, तर उदासी परत आली. मग बुप्रोपिऑन जोडलं, नैराश्याचीच पण वेगळ्या जातीची गोळी. हळूहळू फरक पडला. (फिट येत असतील किंवा खाऊन उलट्या काढायचा आजार असेल तर ते देत नाहीत, आधीच सांगा.) काहींना मिर्टाझापिन या नैराश्याच्याच दुसऱ्या गोळीवर नेतात, त्याने वजन मात्र वाढू शकतं.
बोलवत नसेल तर कागद पुढे करा. मी एकच ओळ लिहिली होती. त्यांनी वाचून "किती दिवसांपासून?" विचारलं, खोकल्याबद्दल विचारावं तसं.

प्रतिसाद २
सोबत रिस्पेरिडोन वगैरे (भास-भ्रमावरची गोळी) आहे का? पाळी चुकते, छातीतून दूध येतं? तसं असेल तर प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढलंय का ते तपासायला सांगा, तो प्रकार वेगळा.

धागाकर्ती
नाही, पाळी वेळेवर आहे, दुसरी गोळीही नाही. गुरुवारी जायचंय. कागद लिहिलाय. काल रात्री नवऱ्यालाही तोच वाचायला दिला.