टॉनिकनं पोरीची उंची वाढते का? माझं तर पक्कं मत झालंय

परभणीचा बाप
पोरगी दोन वर्षांची झाली. अंगणवाडीत ताईंनी मोजली तर ७८ सेंमी. या वयाच्या मुलीची मधली उंची ८६ च्या आसपास असते म्हणे, म्हणजे आमची खुजी. मेडिकलवाल्यानं जस्त, लोह आणि कायकाय असलेलं टॉनिक दिलं, ३८० रुपयांची बाटली. तीन महिने पाजलं. भूक जरा वाढली, उंची हाय तशीच. हे सगळं थोतांड आहे असं माझं म्हणणं. आशाताईनं दिलेली लोहाची बाटलीबी बंद करायलो आजपासून.

लातूरची आशाताई
भाऊ, दोन बाटल्या एकाच माळेत ओवू नका. आमची बाटली उंचीसाठी नाहीच, रक्तासाठी आहे. आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिग्रॅ लोह आणि फॉलिक ॲसिड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के लेकरं रक्तक्षयाची निघाली. लोहानं शी काळी झाली की आया घाबरून बाटली फेकतात. त्यात तुम्ही असं लिहिलं तर झालंच आमचं काम.

जालन्याचे मास्तर
ताई, राग मानू नका, पण बाटलीनं ताटाची जागा घेतली त्याचं काय? सकाळी लेकराच्या हातात चहा-बटर, दुपारी भाकरीचा काला. ज्वारीत फायटेट नावाचा घटक असतो, त्यानं लोह अंगी लागायचं अडतं, चहानं अजून अडतं. वरून तुमचे थेंब. ती चहाची वाटी बंद करा, वरणात लिंबू पिळा, रोज एक अंडं द्या. सरकारला बाटली वाटणं सोपं जातं, अंडं वाटणं अवघड जातं, एवढीच गोम आहे.

बीड, सध्या फडावर
मास्तर, अंडं कुठून आणू? दिवाळीपासून आम्ही ऊसतोडीला, कोपीत राहायलोत. पहाटे चारला कोयता, लेकरू थोरल्या बहिणीच्या कडेवर. नाव गावच्या अंगणवाडीत, आम्ही तीनशे किलोमीटरवर. तुमचं ताट बरोबरे, पण ताट गावात राहतं. पुडी असो की बाटली, पिशवीत मावते. आमच्यासाठी ती मोठी गोष्ट हाय.

आहारशास्त्राची विद्यार्थिनी, संभाजीनगर
धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. घरच्या जेवणात मिसळायच्या सूक्ष्मपोषकांच्या (जीवनसत्त्वं-खनिजांच्या) पुड्यांनी हिमोग्लोबिन सुधारतं, उंचीवर ठळक परिणाम दिसत नाही. जस्ताचा थोडा दिसतो. २०११ मध्ये बऱ्याच चाचण्यांचे निकाल एकत्र केले तेव्हा रोज १० मिग्रॅ जस्त, २४ आठवडे, आणि फरक साधारण ०.३७ सेंमी. दोरीवर मोजलात तर नजरेलाही येणार नाही! म्हणून तीन महिन्यांच्या टॉनिकवर काका चिडले त्यात नवल नाही, मेडिकलवाल्यानं आशाच चुकीची दाखवली.

शेंगदाणा, तेल, दूधपावडर आणि जीवनसत्त्वं-खनिजं एकत्र असलेल्या पेस्टनं मात्र खुजेपणाचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलंय. म्हणजे नुसती जीवनसत्त्वं नाहीत, सोबत स्निग्ध आणि प्रथिनंही. घरच्या कुटाला तोच आकडा लावू नका, पण कूट भातावर घालायला कोण अडवतंय? आख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. शिवाय खुजेपणाची सुरुवात बऱ्याचदा आईच्या पोटातच होते, पोरीची आई गरोदरपणी काय जेवली तेही विचारा.

परभणीचा बाप
विचारलं. सात महिने भरेपर्यंत कापूस वेचायला जात होती. गप बसलो.

जालन्याचे मास्तर
बघा! मी काय म्हणत होतो?

लातूरची आशाताई
मास्तर, तुम्ही ताट म्हणत होता, आता बाईच्या कष्टावर आलात. येऊ द्या, चांगलंय. पण जुलाब लागले की १४ दिवस जस्ताची गोळी रोज द्यावीच लागते, तिथं लिंबू पिळून भागत नाही. अर्ध्या आया तिसऱ्या दिवशी बंद करतात.

परभणीचा बाप
बरं. आशाताईची बाटली चालू ठेवतो, ३८० वाली बंद. तेवढ्यात पन्नासेक अंडी येतील. आता राहिली चहाची वाटी. ती आजी पाजते, आणि आजीला सांगायची हिंमत घरात कुणाला नाही.

बीड, सध्या फडावर
आमच्याकडं सकाळी दुसरं काही नसतंच की हो.