कॅशबॅक जमेला धरायचा की खर्चातून वजा करायचा?

नमस्कार मंडळी,

घरखर्चाचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. किराणा, वीज, पेट्रोल, शाळेची फी, औषधपाणी असे रकाने, आणि महिनाअखेरीला ताळा. सगळं जुळतं, घोडं अडतं ते क्रेडिट कार्डाच्या कॅशबॅकपाशी.

घरात दोन कार्डं आहेत. एकाचा कॅशबॅक पुढच्या बिलात परस्पर वजा होऊन येतो. दुसरं ॲमेझॉन पे आयसीआयसीआय. त्याचा कॅशबॅक बिलात दिसतच नाही, ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये जाऊन पडतो. त्या बॅलन्समधून तेल-तूरडाळ मागवली की बँकेतून काहीच जात नाही, म्हणून माझ्या शीटमध्येही काही चढत नाही. मग किराणा एकदम कमी दिसतो आणि नवरा म्हणतो, "बघ, जमतंय की काटकसर!" कसली काटकसर, डबे तेवढेच भरलेत.

बरं, कॅशबॅक जमेला धरावा तर पगाराशेजारी जाऊन बसतो आणि बचतीची टक्केवारी उगाच फुगते. खर्चातून वजा करावा तर महिना जुळत नाही. ऑक्टोबरात ६,००० चा मिक्सर घेतला, ५ टक्क्यांनी ३०० रुपये नोव्हेंबरच्या बिलात आले. आता मिक्सर ६,००० चा लिहू की ५,७०० चा? तुम्ही कसं करता? आणि कार्डाची वार्षिक फी कुठे टाकता?

प्रतिसाद : खतावणी

मिक्सर ६,००० चाच. वस्तूची नोंद कायम पूर्ण किमतीला करायची, मागे जाऊन ऑक्टोबर खोडत बसायचं नाही. कॅशबॅक म्हणजे उशिरा मिळालेली सूट, तिला पगाराच्या रांगेत बसवू नका. खर्चाच्याच बाजूला 'कॅशबॅक' असा वेगळा रकाना करा आणि ज्या तारखेला पैसे आले त्या तारखेला उणे ३०० लिहा. वस्तू परत केली तर बँक कॅशबॅकही काढून घेते, तेव्हा त्याच रकान्यात अधिक.

ॲमेझॉनच्या बॅलन्सला बँकेसारखं स्वतंत्र खातं समजा. कॅशबॅक आला की त्या खात्यात जमा आणि रकान्यात उणे. डाळ घेतली की किराण्यात पूर्ण रक्कम, पैसे त्या खात्यातून गेले. किराणा खरा दिसेल. (नवऱ्याचा आनंद जाईल, इलाज नाही.)

फीसुद्धा ह्याच रकान्यात टाका, जीएसटीसकट. ९९९ ची फी १८ टक्के धरून १,१७८ रुपये ८२ पैसे होते. म्हणजे ५ टक्क्यांनी साधारण साडेतेवीस हजारांची खरेदी नुसती फी भरून काढण्यात जाते. रिवॉर्ड पॉइंट मात्र वापरेपर्यंत लिहूच नका, त्यांचा भाव बँक कधीही बदलते.

आणखी एक. बिल निघाल्यावर आलेला कॅशबॅक बऱ्याच बँका तुमचा भरणा म्हणून धरत नाहीत. बिलावरची रक्कम पूर्णच भरा. एकदा व्याज लागलं की वर्षाचा कॅशबॅक त्यात जातो.

धागाकर्ती :

आभार! बॅलन्सचं स्वतंत्र खातं आजच उघडलं, मागचे महिने आहेत तसे राहू देते. पण एक राहिलंच. नवऱ्याकडे माझ्या कार्डाचं ॲड-ऑन (माझ्याच खात्यावरचं त्याच्या नावाचं जोडकार्ड) आहे. त्याच्या खरेदीचा कॅशबॅकही माझ्याच बिलात येतो आणि तो त्यातला वाटा हातखर्चाला मागतोय. बिलात दोघांचा कॅशबॅक एकत्रच दिसतो. कोणी वेगळा काढता का, आणि कसा?