विमान पाण्यात पडतं, उतरतं की टेकतं?

लोकमान्यनगर: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत करतेय. १६ ऑक्टोबर १९५६, होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं पॅन ॲमचं विमान. चारातली दोन इंजिनं गेली. वैमानिकाने तटरक्षक दलाच्या जहाजावर उजाडेपर्यंत घिरट्या घातल्या, मग विमान समुद्रावर घातलं. ३१ च्या ३१ माणसं वाचली. या ‘डिचिंग’ला मी ‘जलावतरण’ लिहिलं, तर प्रुफं बघणारे काका म्हणाले, “अगं, जलावतरण जहाजाचं होतं, नारळ फोडून!”

रामबागकर: काका बरोबर. पेपरवाल्यांची ‘जलसमाधी’ तर त्याहून वाईट. सगळे जिवंत आणि समाधी कसली?

छप्पनभिया: सरळ ‘पाण्यात पडलं’ लिहा ना. कशाला डोकं खपवून राहिले?

लोकमान्यनगर: पडलं नाही हो, तेच तर! शेपटीकडच्या लोकांना आधीच पुढे आणून बसवलं होतं, शेपूट तुटेल म्हणून. आणि तुटलीच. पडणाऱ्या विमानात एवढी सवड असते?

छप्पनभिया: मग ‘डिच’च ठेवा. “तिने मला डिच केलं” कॉलेजात सगळ्यांना कळतं.

रामबागकर: अंक कॉलेजच्या कट्ट्यासाठी नाही. मेयरला महापौर म्हणायला शिकलोच ना? ‘सागरावतरण’ घ्या.

तोफखाना: आणि नदी असली तर? १५ जानेवारी २००९, पक्षी आदळून दोन्ही इंजिनं बंद, एअरबस हडसन नदीत, १५५ जण सुखरूप. तिथे ‘नद्यवतरण’ म्हणणार? माझी आजी सायकल भिंतीला ‘टेकव’ म्हणायची. ‘पाण्यावर टेकवलं’ लिहा. इंजिन गेल्यावरही हात वैमानिकाचाच, हे त्यात येतं.

रामबागकर: टेकवणं फार अलवार झालं. १९९६ मध्ये कोमोरोजजवळ इथिओपियाचं विमान अपहरणात इंधन संपून समुद्रावर आलं. एक पंख आधी पाण्याला लागला, विमान फुटलं, १७५ पैकी १२५ गेले. हेही टेकवणंच का?

नर्मदाकाठ: ‘उतरवलं’ का नको? ‘तॄ’ धातू पाण्याचाच: तरणे, तारणे, अवतरण. नदीला ‘उतार’ म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा. माझ्या मते ‘उतारू’ तिथलाच, पाणी उतरून जाणारा. म्हणजे विमान पाण्यावर उतरलं तर शब्द माहेरीच आला.

रामबागकर: काहीतरीच. उतारू ‘उताऱ्या’वरून. धर्मशाळेत उतरतो तो.

नर्मदाकाठ: आणि घाटावरून नावेत बसणारा कोण मग?

छप्पनभिया: सवारी! आमच्याकडे टेम्पोत ‘सवारी’च बसते, उतारू नाही.

तोफखाना: रेल्वेत मात्र उतारूच म्हणत. आमचे आजोबा महूच्या मीटरगेजवर होते, ते तरी तसंच म्हणायचे.

लोकमान्यनगर: अहो, अंक गुरुवारी छापखान्यात जातोय!

नर्मदाकाठ: मीटरगेजच्या काळी ‘पाशिंजर’ गाडीला म्हणत की माणसाला?