नाशिक–पुणे ९,४१६ किमी येतंय! अक्षांश-रेखांशाच्या गणितात चूक कुठे?

द्राक्षवाला
मदत हवी आहे. नाशिकहून माल जाणाऱ्या बारा शहरांचा अंतरतक्ता एक्सेलमध्ये करतोय, भाड्याचा अंदाज बांधायला. गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर देणारं हॅवरसाइन सूत्र वापरलंय. ए रकान्यात शहर, बी मध्ये अक्षांश, सी मध्ये रेखांश. नाशिक १९.९९७५, ७३.७८९८ आणि पुणे १८.५२०४, ७३.८५६७. उत्तर येतंय ९,४१६ किमी. आकडे तीनदा तपासले, बरोबर आहेत. मग चुकतंय काय?

रामशेज
आकडे बरोबर आहेत, एकक चुकलंय. एक्सेलचं साइन-कोसाइन अंश ओळखत नाही, त्याला रेडियन (कोनाचं दुसरं एकक, एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश) लागतात. तुमच्या दोन अक्षांशांतला फरक १.४७७१ अंश आहे. तो त्याने १.४७७१ रेडियन धरला, म्हणजे जवळजवळ ८४.६ अंश. एका अंशाला १११.२ किमी धरा आणि गुणून बघा, तुमच्या ९,४१६ च्या आसपासच याल.

सगळं एकाच सेलमध्ये कोंबू नका, चूक सापडत नाही. डी आणि ई रकान्यांत रेडियन्स फंक्शनने बी आणि सी बदलून घ्या. एफ मध्ये ही राशी:

साइन(अक्षांशफरक ÷ २)चा वर्ग + कोस(नाशिक अक्षांश) × कोस(दुसरा अक्षांश) × साइन(रेखांशफरक ÷ २)चा वर्ग

जी मध्ये २ × ६३७१ × एसिन(एफचं वर्गमूळ). ६३७१ म्हणजे पृथ्वीची किमीमधली त्रिज्या, एसिन म्हणजे साइनवरून उलट कोन काढणारं फंक्शन. नाशिकच्या सेलला डॉलरचं चिन्ह लावून ती पक्की करा, नाहीतर सूत्र खाली ओढलं की नाशिकही खाली सरकतं. पुण्यासाठी एफ मध्ये ०.०००१६६ च्या जवळपास आकडा यायला हवा. तिथे ०.४५ दिसलं तर रेडियन अजून झालेलं नाही.

द्राक्षवाला
धन्यवाद. एफ मध्ये ०.०००१६६ आलं. पण अंतर आता १९,८५१! शेवटच्या पायरीला एसिनऐवजी एटॅन२ (दोन आकड्यांवरून कोन काढणारं फंक्शन) घेतलंय, एका पायथन कोडमधून उचललेलं. त्यात एफचं वर्गमूळ आणि (१ − एफ)चं वर्गमूळ असे दोन आकडे आहेत.

अंशमिनिट
२०,०१५ मधून १९,८५१ वजा करा. १६४ उरतात, तेच तुमचं उत्तर.

२०,०१५ किमी म्हणजे ६३७१ त्रिज्येच्या गोलाचा अर्धा परीघ. एटॅन२ ला पायथनमध्ये आधी वाय आणि मग एक्स द्यावा लागतो, एक्सेलमध्ये आधी एक्स आणि मग वाय. कोड जसाच्या तसा उतरवला की पुण्याऐवजी पृथ्वीच्या पाठीमागून पुण्याच्या बरोब्बर समोर असलेल्या बिंदूचं अंतर मिळतं. दोन्ही वर्गमुळांची अदलाबदल करा, किंवा सरळ एसिन ठेवा. आपल्या कामाला तेवढं पुरतं.

द्राक्षवाला
१६४.४ आलं 🙏 मुंबई १४०.१, धुळे १४३.९, नागपूर ५६६. पण मालेगाव ६६.६ दाखवतंय. रस्त्याने ते शंभराच्या पुढे आहे, इतका फरक कसा? आणि एका ओळीत व्हॅल्यू एरर येतेय.

अंशमिनिट
मालेगावचे आकडे २०.३३ आणि ७४.३२ असेच टाकलेत ना? ते २० अंश ३३ मिनिटं आणि ७४ अंश ३२ मिनिटं आहेत, दशांश नव्हेत. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवायचं. म्हणजे २०.५५ आणि ७४.५३३, अंतर ९८.९ किमी. तुम्ही मालेगाव उचलून चांदवडच्या शेजारी नेऊन ठेवलंत.

ही चूक लबाड आहे, कारण उत्तर हास्यास्पद येत नाही, पटण्यासारखं येतं. ओळखायची खूण अशी: यादीतल्या कुठल्याच शहराच्या दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या दोन अंकांत ६० ते ९९ दिसत नसेल, तर ती यादी अंश-मिनिटांची समजा. तुमची यादी दोन ठिकाणांहून जोडलेली दिसते, त्यामुळे प्रत्येक ओळ बघावी लागेल.

व्हॅल्यू एररच्या ओळीत आकड्याला अंशाचं चिन्ह किंवा "पू" चिकटलं असेल. सेल मजकूर झाली की गणित बंद. आणि कधी अंतर हजारो किमी आलं तर अक्षांश-रेखांश उलटे पडलेत का बघा. नाशिकचे उलटे टाकले तर नाशिक नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं.

तपोवन
१६४.४ मधल्या त्या ".४" वर फार विसंबू नका. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे: विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१ किमी, ध्रुवीय ६३५६.८. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश खरं तर ११०.७ किमीचा भरतो, १११.२ चा नाही. त्यामुळे नाशिक–पुणे गोलावर १६४.४, लंबगोलाकारावर साधारण १६३.७. विन्सेंटीची १९७५ ची पद्धत हा फरक काढते, पण भाड्यासाठी तो उपद्व्याप कशाला? नाशिक म्हणजे सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) की नाशिकरोड, यानेच त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो. अक्षांश-रेखांशाला दोन दशांश पुरेत, दुसऱ्या दशांशातला एकाचा फरक म्हणजे साधारण १.१ किमी.

पडताळा कागदावर घ्यायचा तर अक्षांशफरक × १११ आणि रेखांशफरक × १०४.५, दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. नागपूरपर्यंत दोनेक किमीच चुकतं.

द्राक्षवाला
मग रस्त्याचं अंतर? सरळ १.३ ने गुणू का?

रामशेज
नको. धुळ्याचा रस्ता सरळ आहे, साधारण १.१ पट. मुंबईला १.२, पुण्याला २१० धरले तर जवळजवळ १.२८. एकच गुणक लावलात तर धुळ्याचं भाडं फुगेल. सुरत बघा: सरळ रेषेत १६४.२, म्हणजे पुण्याइतकंच. पण मध्ये सह्याद्री आडवा, गाडी घाटातून फिरून उतरते, रस्ता पुण्यापेक्षा बराच लांब. दिशेनुसार गुणक ठेवा: ज्या दोन-तीन शहरांचं रस्त्याचं अंतर पक्कं माहीत आहे त्यांना सरळ अंतराने भागा आणि तोच गुणक त्या बाजूच्या बाकी शहरांना लावा. घाटापलीकडच्या शहरांना मात्र गुणक नको, नकाशावर रस्ता मोजूनच आकडा टाका.

द्राक्षवाला
एक राहिलं. सगळ्या शहरांचा चौकोनी तक्ता एकोस (कोसाइनवरून उलट कोन काढणारं फंक्शन) असलेल्या दुसऱ्या सूत्राने केला, तर काही शहरांचं स्वतःशी अंतर शून्याऐवजी नम एरर देतंय.

अंशमिनिट
पूर्णांकनामुळे एकोसच्या कंसातली किंमत १ च्या केसभर वर जाते, आणि कोसाइन १ पेक्षा मोठा नसतोच, म्हणून एकोस त्याला नकार देतो. आतली राशी मिन(१, …) मध्ये गुंडाळा. किंवा हॅवरसाइनच ठेवा, तिथे हा प्रश्नच येत नाही.